कॉम्प्युटर चालूच होत नाहीये? मेकॅनिकला फोन लावायच्या आधी एवढं बघा



जुलैचा शेवटचा आठवडा. खरीप पीक विम्याची मुदत संपत आलेली. पालम नाही तर सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या गावातलं सेवा केंद्र डोळ्यासमोर आणा. सकाळी शटर वर जातं तेव्हाच बाहेर पंधरा-वीस माणसं सातबारा, पासबुक, पीक पेऱ्याचा कागद घेऊन उभी. तुम्ही उदबत्ती लावता, कॉम्प्युटरचं बटण दाबता आणि काहीच होत नाही. पंखा नाही, लाईट नाही, आवाज नाही.

आता हिशोब करा. पीक विम्याच्या एका अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात. दिवसाला ५० अर्ज होत असतील तर २००० रुपये गेले. झेरॉक्स, प्रिंट, फोटो, उत्पन्नाचा दाखला हे वेगळंच. पण खरं नुकसान तुमचं नाही, रांगेतल्या माणसाचं आहे. त्याचा अर्ज मुदतीत भरला गेला नाही तर त्याचं सोयाबीन विम्याशिवाय राहिलं. एक रुपयात विमा ही सोय २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, म्हणजे आता तो आपल्या खिशातून हप्ता भरायला आलेला असतो. अशा माणसाला 'उद्या या' म्हणणं किती जड जातं हे ज्याने केंद्र चालवलंय त्यालाच माहीत.

गावातून परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडला मशीन न्यायचं म्हणजे अर्धा दिवस. मेकॅनिक गर्दीत असेल तर दोन दिवस. आणि गंमत अशी की 'चालूच होत नाही' म्हणून दुकानात येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच मशीनचा बिघाड फुकट किंवा पाच-पन्नास रुपयांत निघण्यासारखा असतो. म्हणून आजचा लेख जरा लांब आहे, पण शांतपणे वाचा. सेवा केंद्र, झेरॉक्स, डीटीपी, फोटो स्टुडिओ, टायपिंग क्लास, किराणा दुकानातलं बिलिंग, यातलं काहीही करणार असाल तरी हे लागणारच आहे.

आधी भाषा नीट करू

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप. पण बाजारात सगळे डब्यालाच सीपीयू म्हणतात, तर आपणही तेच म्हणू.

'चालू होत नाही' या तीन शब्दांत तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. पहिला, बटण दाबलं तरी सगळं थंड: पंखा नाही, दिवा नाही. दुसरा, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. तिसरा, चालू होतो आणि दोन-चार सेकंदांत बंद पडतो, कधी कधी परत परत तसंच करतो. मेकॅनिकला फोनवर यातलं नेमकं काय होतंय ते सांगितलंत तर तो येताना बरोबर सामान घेऊन येईल. नुसतं 'चालू होत नाही' सांगितलं तर तो आधी बघायला येणार, मग सामान आणायला परत जाणार, आणि दोन्ही फेऱ्यांचं पेट्रोल तुमच्या बिलात.

आज मुख्यतः पहिल्या आजाराबद्दल बोलू. बाकीच्या दोघांकडे शेवटी येतो.

भिंतीपासून सुरुवात करा, डब्यापासून नाही

लाईट आहे का? हसू नका. पंखा चालतोय म्हणजे त्या सॉकेटमध्येही लाईट आहे असं होत नाही. सीपीयूची पिन ज्या सॉकेटमध्ये आहे, त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा.

टेस्टर लावून 'लाईट आहे' म्हणू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टर मस्त पेटतो आणि मशीन मात्र चालत नाही. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की तीन फेजचा तोल जातो. ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज २३० वरून चढत ४०० च्या दिशेने जातं. बल्ब अचानक डोळे दिपतील असा पेटला, पंखा भन्नाट फिरायला लागला, तर विचार न करता मेन स्विच पाडा. अशा पाच मिनिटांत गल्लीतले टीव्ही, फ्रीज आणि कॉम्प्युटर एकदम गेलेले असतात.

सॉकेट ठीक असेल तर आता यूपीएस. हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे आणि त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या आसपासची एक छोटी बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं चालते. परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, तिचं आयुष्य आणखी कमी होतं, कारण उष्णता हीच या बॅटरीची शत्रू. बॅटरी मेली की काही यूपीएस लाईट असतानाही चालू व्हायला नकार देतात. काही नुसते बीप करत बसतात. मशीन ठणठणीत असतं आणि आपण सीपीयू खांद्यावर मारून तालुक्याला निघालेलो असतो.

तपासणी सोपी आहे. सीपीयूची पिन यूपीएसमधून काढा आणि थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. चालू झालं? मग सीपीयूला काहीच झालेलं नाही. यूपीएसची बॅटरी बदला आणि कामाला लागा.

यूपीएसवरून एक गोष्ट सांगून ठेवतो. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. लेझर प्रिंटरमध्ये कागदावर शाई पक्की करायला एक हीटर असतो, तो तापताना एकदम जोरात करंट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच झेपवतो. तुम्ही प्रिंट दिली की यूपीएस ओव्हरलोड होऊन ट्रिप, आणि अर्धा भरलेला फॉर्म गेला. प्रिंटर थेट भिंतीला, सीपीयू आणि मॉनिटर यूपीएसला. राउटरही यूपीएसला चालेल.

यानंतर पॉवर कॉर्ड. सीपीयूची आणि बहुतेक मॉनिटरची कॉर्ड सारखीच असते. मॉनिटर चालू असेल तर त्याची कॉर्ड काढून सीपीयूला लावा. खर्च शून्य. उंदरांनी कुरतडलेली, खुर्चीच्या चाकाखाली दबलेली, मागे सैल झालेली कॉर्ड ही रोजची गोष्ट आहे.

मग सीपीयूच्या मागे वाका. एसएमपीएसवर एक छोटा स्विच असतो, एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. रेघ म्हणजे चालू. झाडलोट करताना, डबा सरकवताना तो दबला गेलेला असतो. जुन्या एसएमपीएसवर आणखी एक लाल सरकता स्विच दिसेल, त्यावर ११५ आणि २३० असं लिहिलेलं असतं. तो २३० वरच हवा. लहान लेकरं दुकानात येत असतील तर त्यावर चिकटपट्टी लावून टाका, कारण आपल्याकडे तो ११५ वर गेला आणि बटण दाबलं तर मोठा आवाज होतो आणि एसएमपीएस संपतो.

तीस सेकंदांचा उपाय

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर हे करा. पॉवर कॉर्ड काढा. यूएसबीला जोडलेलं सगळं काढा: कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, थंबचं मशीन, वेबकॅम, पेनड्राईव्ह. लॅनची वायरही काढा. आता कॉर्ड काढलेली असतानाच समोरचं पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. पाच मिनिटं थांबा, चहा घ्या. मग फक्त पॉवर कॉर्ड आणि मॉनिटर लावून बटण दाबा.

यात जादू नाही. लाईट ये-जा करताना किंवा कुठे शॉर्ट झालं की एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊन बसतो. आत उरलेला चार्ज पूर्ण उतरेपर्यंत तो त्याच अवस्थेत राहू शकतो. बटण दाबून धरल्याने तो चार्ज उतरतो आणि तो पुन्हा नव्याने सुरू होतो.

आणि यूएसबी का काढायला सांगितलं? सेवा केंद्रात आणि झेरॉक्स दुकानात समोरच्या यूएसबी पोर्टचे दिवसभर हाल होतात. प्रत्येक गिऱ्हाईक आपला पेनड्राईव्ह उलटा-सुलटा खुपसतो. आतली प्लास्टिकची जीभ तुटते, पत्रे वाकून एकमेकांना चिकटतात, पाच व्होल्टची लाईन शॉर्ट होते आणि पूर्ण मशीन चालू व्हायला नकार देतं. टॉर्च मारून समोरच्या पोर्टमध्ये बघा. वाकलेलं दिसलं तर आत मदरबोर्डला आलेली त्या पोर्टची वायर काढून ठेवा. मशीन चालू होईल. आणि गिऱ्हाइकांसाठी पन्नास-शंभर रुपयांची यूएसबी एक्स्टेंशन वायर मागच्या पोर्टमधून टेबलावर आणून ठेवा. तुटली तर ती तुटेल, मशीन नाही.

आता डबा उघडायचा

कॉर्ड काढूनच. हात कोरडे, पायात चप्पल. बाजूचं पान काढलं की आपल्या भागात बहुतेकदा पहिल्यांदा काय दिसतं ते सांगायची गरज नाही. धूळ, कोळ्याची जाळी, मुंग्या, कधी पाल. मानवत, सेलूसारख्या कापसाच्या गावांत, जिनिंगजवळ दुकान असेल तर पंख्यावर कापसाच्या तंतूंची गादीच तयार झालेली असते. ब्लोअरने किंवा कोरड्या रंगाच्या ब्रशने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाही तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

मग जळका वास येतोय का बघा. मदरबोर्डवर छोट्या टाकीसारखे उभे कंडेन्सर असतात, त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा वर तपकिरी चिकट काही आलेलं असेल तर ते गेलेले आहेत. ते बदलता येतात, पण ते सोल्डरिंग येणाऱ्याचं काम.

यानंतर मदरबोर्डला जाणारे दोन पॉवर कनेक्टर दाबून बघा. एक लांबडा २४ पिनचा, दुसरा प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा. हा छोटा लोक विसरतात. डबा टेम्पोतून, मोटारसायकलवरून आणला असेल तर हे सैल होतात.

समोरचं बटणही बिघडतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. दिवसातून पाच वेळा लाईट जाते, पाच वेळा बटण दाबलं जातं, तीन वर्षांत त्या स्वस्त बटणाची स्प्रिंग जाते. बटणाच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या कोपऱ्यात पिनांच्या गठ्ठ्याला लावलेल्या असतात, त्यावर पॉवर स्विच असं बारीक लिहिलेलं असतं. ती जोडी काढा आणि तिच्या जागी शेजारची रीसेटची जोडी लावा. आता समोरचं रीसेट बटण दाबलं की मशीन चालू होईल. झालं तुमचं काम. नवीन बटण मिळेपर्यंत, किंवा कायमचं, रीसेट हेच तुमचं पॉवर बटण. एवढ्यासाठी नवीन कॅबिनेट घ्यायला लावणारे लोक बाजारात आहेत, म्हणून सांगितलं.

एसएमपीएस गेला की मदरबोर्ड?

खरा प्रश्न हा आहे, कारण इथेच पैशांचा फरक पडतो. एसएमपीएस काही शे रुपयांपासून मिळतो. मदरबोर्ड काही हजारांत जातो, आणि जुन्या मॉडेलचा तर मिळतच नाही.

असेंबल केलेल्या साध्या मशीनमध्ये ही चाचणी घरी करता येते. कॉर्ड काढा. एसएमपीएसचे सगळे कनेक्टर मदरबोर्डवरून, हार्डडिस्कवरून काढा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर, या दोन भोकांत एक छोटा तारेचा तुकडा नाही तर सरळ केलेली पेपर क्लिप बसवा. मग कॉर्ड लावा आणि मागचा स्विच चालू करा. हिरवी वायर म्हणजे एसएमपीएसला 'चालू हो' सांगणारी घंटी. एरवी हे काम मदरबोर्ड करतो, आता आपण केलं. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. काहींचा पंखा लोड नसताना फिरत नाही, म्हणून एखादा जुना कॅबिनेटचा पंखा किंवा जुनी हार्डडिस्क त्याला जोडून बघा.

पंखा फिरला म्हणजे शंभर टक्के चांगला असं मात्र नाही. काळ्या वायरवर मल्टिमीटरचा काळा प्रोब ठेवा, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. पिवळ्या वायरवर १२ हवेत, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या मध्ये. लाल वायरवर ५, म्हणजे ४.७५ ते ५.२५. नारंगीवर ३.३ च्या आसपास. आणि जांभळ्यावर ५, तेही हिरवी-काळी न जोडता, नुसती कॉर्ड लावल्यावर. ही जांभळी म्हणजे स्टँडबायची लाईन. मशीन बंद असतानाही ती जागी असते आणि बटणाची वाट बघते. जांभळ्यावर काहीच नसेल तर बटण कितीही दाबा, उपयोग नाही. एसएमपीएस बदला.

दोन ठिकाणी थांबायचं. एक, जुन्या ऑफिसमधून आलेले ब्रँडेड छोटे सेकंडहँड सीपीयू. हल्ली अनेक जण सुरुवातीला तेच घेतात आणि त्यात चूक काही नाही. पण त्यातल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस वेगळ्या आकाराचा, वेगळ्या पिनांचा असतो, वायरींचे रंगही जुळतीलच असं नाही. तिथे पेपर क्लिपचा प्रयोग करू नका. असं मशीन घेतानाच दुकानदाराला विचारा, 'याचा एसएमपीएस गेला तर तुमच्याकडे मिळेल का?' तो गप्प बसला तर भाव पाडा, नाही तर दुसरं मशीन बघा.

दुसरं म्हणजे एसएमपीएसचा स्वतःचा डबा उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीचे आत डीसी होताना साधारण ३२५ व्होल्ट होतात आणि ते मोठ्या कंडेन्सरमध्ये कॉर्ड काढल्यावरही काही काळ राहतात. यूट्यूबवर लोक उघडून दाखवतात, फ्यूज बदलतात. ते शिकलेले असतात. तुम्हाला केंद्र चालवायचंय.

नवीन एसएमपीएस घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. त्यावर ४५० वॅट छापलेलं असेल, पण बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघा. १४ लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजकालचं मशीन मुख्यतः याच लाईनवर चालतं. साध्या ऑफिसच्या कामाला तेवढं पुरतंही, पण ४५० चे पैसे कशाला द्यायचे? हातात घेऊन वजन बघणं हा जुना मेकॅनिकांचा मार्गही वाईट नाही. अगदी हलका असेल तर आत माल कमी आहे.

एसएमपीएस चांगला, तरी मशीन मेलेलं

मग मदरबोर्डवर फक्त गरजेचं ठेवा: प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी. बाकी हार्डडिस्क, डीव्हीडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड सगळं काढा. चालू झालं तर एकेक परत लावत जा. जे लावल्यावर बंद पडलं, तो चोर.

दुसऱ्या आजारात, म्हणजे पंखा फिरतो पण स्क्रीन येत नाही तेव्हा, आधी मॉनिटरची वायर बघा आणि मग रॅम. पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून पांढरं खोडरबर हलकं फिरवा, कोरड्या कापडाने पुसा, टक् असा आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात दमट हवेने हे फार होतं. दोन-दोन सेकंदांत बंद पडणाऱ्या तिसऱ्या आजारात प्रोसेसरवरचा पंखा एका कोपऱ्यातून सुटलाय का बघा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, तीन व्होल्टची. ती संपल्याने मशीन अजिबात चालू न होणं क्वचित घडतं, पण तारीख मागे जाते. मग सरकारी साईट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा संदेश येतो आणि आपण तासभर इंटरनेटवाल्याशी भांडतो. तारीख बघा आधी.

काळी माती आणि अर्थिंग

ही गोष्ट कॉम्प्युटरच्या पुस्तकात सापडणार नाही, पण मराठवाड्यात ती सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं मत आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते. अर्थिंगची प्लेट किंवा पाईप ज्या मातीत पुरलाय ती माती एप्रिल-मेमध्ये त्यापासून सुटते. ओलावा गेला, पकड गेली, की अर्थिंग नावापुरतं उरतं. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. अनेक जण म्हणतात 'थोडा करंट मारतो, सवय झालीय'. ही सवयीची गोष्ट नाही. एसएमपीएसमध्ये येणारा विजेचा कचरा ज्या वाटेने जमिनीत जायला हवा, ती वाट बंद झालीय, आणि तो तुमच्यातून आणि मदरबोर्डमधून वाट शोधतोय.

अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित बादलीभर पाणी घाला. त्यासाठीच तिथे पाईपचं तोंड वर ठेवलेलं असतं. मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून सॉकेटमध्ये बघा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी दोन-चार व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस दिसले तर वायरमनला बोलवा. आकडे बरोबर आले तरी ही चाचणी ढोबळच आहे. कच्चं अर्थिंगही मल्टिमीटरला फसवतं. दुकान नवीन घेत असाल तर वायरमनकडून अर्थ टेस्टरने एकदा मोजून घ्या. आणि थ्री पिनची वरची जाड पिन तोडून टू पिनमध्ये घुसवणं हा प्रकार आपल्या दुकानात नको.

मे-जूनच्या वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन काढून ठेवायची, लॅनची वायरही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर ते सूचना देतं. शेतात काम करणाऱ्यांसाठी तर ते हवंच, दुकानदारालाही कामाचं आहे. रात्री लाईट गेली तर झोपण्याआधी पिन काढा. लाईट परत येते त्या क्षणी व्होल्टेज वर-खाली होतं, आणि एसएमपीएस बहुतेक तेव्हाच जातात.

दुरुस्तीला द्यायचं असेलच तर

हार्डडिस्क किंवा एसएसडी काढून घरी ठेवा, मग डबा द्या. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम. तुमच्या मशीनमध्ये शेकडो लोकांचे आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन आहेत. ते लोक तुमच्यावर विश्वास ठेवून गेलेत, मेकॅनिकवर नाही. त्याला मदरबोर्ड आणि एसएमपीएस तपासायला तुमची डिस्क लागत नाही, त्याच्याकडे त्याची असते.

कुणी म्हणालं, 'फॉर्मॅट मारावा लागेल, मग चालू होईल', तर नमस्कार करून डबा उचला. फॉर्मॅट हा विंडोजचा इलाज आहे. ज्या मशीनचा पंखाच फिरत नाही, त्याला विंडोजपर्यंत पोचायलाच अजून वेळ आहे. पॉवर गेल्याने डिस्कमधला डेटा सहसा जात नाही, तो या फॉर्मॅटमध्ये जातो.

बदललेला जुना भाग परत मागा. बिलावर नवीन भागाचा सीरियल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. बिल नाही तर वॉरंटी नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

केंद्रात एक डबा ठेवा

बिस्किटाचा रिकामा डबा चालेल. त्यात एक जास्तीची पॉवर कॉर्ड, स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, एक सीआर२०३२, खोडरबर, ब्रश. शेजारी कपाटात एक चालू एसएमपीएस. यूपीएसच्या बॅटरीवर पेनने बसवल्याची तारीख लिहा आणि दोन वर्षांनी, जूनच्या आधी, ती मरायची वाट न बघता बदला. पीक विमा, दहावी-बारावीनंतरचे प्रवेश, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, सगळं जून-जुलैतच येतं. म्हणून सफाई आणि तपासणी मे महिन्यात.

घरात जुना लॅपटॉप असेल तर त्यावर आजच प्रिंटरचा आणि थंब मशीनचा ड्रायव्हर, त्याची आरडी सर्व्हिस टाकून एकदा चालवून बघा. ऐन गर्दीच्या दिवशी ते इन्स्टॉल करत बसलात तर लॅपटॉप असून नसल्यासारखा. मशीन बंदच पडलं तर रांगेतल्या लोकांना खरं सांगा, वहीत नाव आणि मोबाईल नंबर क्रमाने लिहून घ्या, आणि मुदत जवळ असेल तर शेजारच्या गावच्या केंद्रचालकाकडे पाठवा. त्याचा नंबर आधीपासून तुमच्याकडे असायला हवा. तो तुमचं गिऱ्हाईक पळवेल याची भीती सोडा. पुढच्या वेळी त्याचं मशीन बंद पडणार आहे.

आणि ज्यांना हे वाचताना मजा आली, पेपर क्लिप शोधायला उठावंसं वाटलं, त्यांनी थोडा वेगळा विचार करा. तालुक्याच्या गावात दुरुस्ती करणारे कमी आहेत, मशीन मात्र प्रत्येक बँक मित्राकडे, शाळेत, ग्रामपंचायतीत, कृषी सेवा केंद्रात आहे. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर आणि नेटवर्क देखभालीचा आयसीटीएसएम नावाचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. जवळच्या आयटीआयमध्ये आहे का विचारून या. सुरुवातीच्या हत्यारांसाठी मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज पुरतं, आणि उद्यम नोंदणी ऑनलाईन फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सुरुवातीला पाच केंद्रांशी बोला: महिन्याला ठरलेली रक्कम, त्यात एक सफाई, यूपीएस आणि अर्थिंगची तपासणी, आणि फोन आला की त्याच दिवशी हजेरी. एक चालू एसएमपीएस कायम गाडीच्या डिकीत ठेवा, जुना खोलून नेईपर्यंत तो तिथे बसवून द्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुम्हाला कुणी भाव विचारणार नाही, 'किती वाजता येता?' एवढंच विचारतील.